रिकाम्या खोलीतली टाळी

१

घर शोधायला निघालेल्या माणसाला जो भेटेल तो सल्ला देतो. माझी बदली झाल्याचं कळल्यापासून सल्ले ऐकून ऐकून माझे कान किटले होते. कान हाच माझा धंदा आहे. हॉस्पिटलात मी लहान मुलांची श्रवणचाचणी करते. भिंतींना जाड फोम लावलेल्या छोट्या बंद खोलीत मुलाला बसवायचं, हेडफोन चढवायचे, बारीक बारीक आवाज सोडायचे, आणि ऐकू आलं की त्याने डब्यात एक ठोकळा टाकायचा. दिवसभर हेच काम. त्यामुळे दुसरं कुणी मला आवाजाबद्दल अक्कल शिकवायला आलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आमची मुलगीही असेच ठोकळे टाकत मोठी झाली. तिला जन्मापासून दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. कानांत मशीनं लावली की बरंच ऐकते, काढली की दार आपटल्याशिवाय वळून बघत नाही. घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात. हे नाव तिच्या आत्याने ठेवलं, कारण पोरगी एका जागी टिकायचीच नाही. एक घास तोंडात घेतला की जेवणाच्या टेबलाला एक चक्कर, मग दुसरा घास.

घर बघायला गेलो की मी खोलीच्या मधोमध उभी राहायचे आणि एक टाळी वाजवायचे. नवरा एजंटकडे बघून म्हणायचा, "झालं, आमच्या मॅडमचा कार्यक्रम सुरू." यात चेष्टा करण्यासारखं काही नाही. मशीन आवाज मोठा करतं, पण त्याला अक्कल नसते. शब्द मोठा करतं तसा त्या शब्दाचा भिंतीवरून परत आलेला घुमाराही मोठा करतं. घुमणाऱ्या खोलीत "पाणी दे" म्हटलं तर माझ्या मुलीच्या कानात नुसता गलका पोचतो. रिकामी खोली सगळ्यात जास्त घुमते. सामान आलं, पडदे आले की घुमणं कमी होतं. आणि सगळ्यात जास्त आवाज पिऊन टाकतात ती माणसं. रिकाम्या सभागृहात टाळी वाजवा आणि ते खच्चून भरल्यावर वाजवा, म्हणजे फरक कळेल. ही अगदी साधी गोष्ट आहे. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी ती पहिल्याच दिवशी सांगते.

शेवटी दोन जागा उरल्या. दोन्ही शहराबाहेर, दोन्हीचं भाडं सारखंच. एक खालच्या वसाहतीत आणि एक वरच्या.

२

खालची वसाहत मालगाड्यांच्या यार्डाला चिकटून आहे. माझी नणंद, म्हणजे भिंगरीची आत्या, तिथेच राहते. सल्ल्यांची मुख्य कचेरी तीच. आम्हाला दाखवलेलं घर तिच्यापासून दोन दारं सोडून होतं, त्यामुळे एजंटच्या आधी तीच आम्हाला घर दाखवत फिरत होती.

"वहिनी, इथे पोरांना सगळी दारं उघडी असतात. कुणाच्याही घरी जेवतात, कुणाच्याही घरी झोपतात."

"म्हणजे आपलं मूल कुठे आहे ते कुणालाच माहीत नसतं."

"अहो, सगळ्यांना माहीत असतं. तोच तर फायदा!"

मी हॉलमध्ये टाळी वाजवली. ठण्ण करून चारी भिंतींवर आपटली आणि परत माझ्याच तोंडावर आली. एवढ्यात मागून मालगाडी निघाली. काचा थडथडल्या, नळाचा पाईप कुरकुरला, नणंद काहीतरी बोलत होती तिचं नुसतं तोंड दिसत होतं. भिंगरीने दोन्ही मशीनं कानांतून उपटली, माझ्या हातात कोंबली आणि रस्त्यावरच्या मुलींमध्ये पळाली. थोड्याच वेळात त्यांच्या गराड्यात हात पसरून गोल गोल फिरायला लागली.

"बघ, कशी रमली," नवरा म्हणाला.

"हो, बहिरी होऊन रमली. तसंच ठेवायचंय का तिला?"

नणंदेचा चेहरा पडला. तिने घाईघाईने चहाचं विचारलं. मला वाईट वाटलं, नाही असं नाही, पण बोललेलं गिळायची मला सवय नाही. मी आपली मशीनं पुसून डबीत ठेवत राहिले.

३

वरची वसाहत टेकडीच्या उतारावर. तिथल्या एजंटचं नाव आम्ही गोडबोल्या ठेवलं होतं. माणूस दार उघडायच्या आधीच कौतुक सुरू करायचा. "मॅडम, इथे टाचणी पडली तरी ऐकू येते!" आणि खरंच, गाडीतून उतरल्या उतरल्या माझा जीव भांड्यात पडला. नीट कापलेली कुंपणं, बंद फाटकं, कुणाच्या रेडिओचा सूर नाही की कुत्र्याचं भुंकणं नाही.

कोपऱ्यावर बाग होती. तिथले बाक चांगले लांबलचक होते आणि प्रत्येक बाकावर एकेक मूल बसलेलं होतं. सगळी अगदी कडेला. अर्धं अंग बाकावर, अर्धं बाहेर, एक पाय जमिनीला टेकवून तोल सांभाळत.

"ही अशी का बसलीत?" नवऱ्याने विचारलं. "पडतील ना."

"तुझ्या बहिणीकडे पोरं रुळांजवळ हुंदडतात ते चालतं. इथे शिस्तीत बसली तर तुला खुपलं."

घराचा हॉल रिकामा होता आणि रिकाम्या हॉलसारखाच घुमला. मागची खोली मुलीसाठी. तिथेही काही नव्हतं. उघडी फरशी, उघड्या भिंती, खिडकीला पडदा सोडाच, पडद्याचा दांडाही नव्हता. मी टाळी वाजवली. टाळी माझ्या हातातच मेली. पुन्हा वाजवली. पुन्हा तेच. भिंतीपर्यंत गेली की नाही कोण जाणे, परत काही आली नाही. न घुमणाऱ्या खोलीला आम्ही कोरडी म्हणतो, आणि हॉस्पिटलातल्या फोमच्या खोलीलासुद्धा लाखो रुपये ओतून एवढा कोरडेपणा येत नाही.

मी लहान मुलीसारखी टाळ्या पिटत सुटले. नवरा भिंतीवरून हात फिरवत होता. "ओल असेल," म्हणाला. मग हात बघितला. भिंत खडखडीत कोरडी होती. "खोली गरम आहे," तो म्हणाला.

"उन्हाची बाजू असेल."

"खिडकी उत्तरेला आहे."

तो फ्रिज आणि एसी दुरुस्त करतो. मी म्हटलं, "फ्रिजमध्ये डोकं घालून जगणाऱ्याला सगळं जग गरमच लागणार." गोडबोल्या खो खो हसला. भिंगरी मात्र उंबऱ्यावर थांबली होती. मी हात केला तशी आली, पण अंग चोरून, एक खांदा पुढे काढून आली आणि माझ्या पायांना चिकटली. नवी जागा, लाजली असेल, असं मी धरून चालले.

परत येताना गाडीत आमचं कडाक्याचं भांडण झालं. तो म्हणत होता, तिला माणसं हवीत. मी म्हणत होते, माणसांचं बोलणं कळायला आधी ऐकू यायला हवं. शेवटी मी विचारलं, "तिच्या कानांचं तुला जास्त कळतं की मला?" वरचं घर ठरलं.

४

पहिले काही आठवडे मी नुसती मिरवत होते. मागच्या खोलीत भिंगरीशी पाठमोरं बोललं तरी तिला शब्द कळायचे. गोष्ट सांगताना ती मधेच थांबवून प्रश्न विचारायला लागली. एकदा फोनवर आत्याशी स्वतः बोलली. नणंदेचा आवाज भरून आला आणि मी नवऱ्याकडे असं बघितलं की त्याने मुकाट्याने भांडी घासायला घेतली.

समोरच्या बाईंनी एकदा बोलावलं. नवरा, बायको आणि एक मुलगी, भिंगरीहून थोडी मोठी. घरात शिरले तर हॉलभर एकच जेवणाचं टेबल. लग्नाच्या पंगतीला पुरेल एवढं, दोन्ही बाजूंना लांब बाकडी. त्याच्यापुढे सोफा, तोही या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मला वाकडं होऊन आत जावं लागलं.

"पाहुणे बरेच येतात वाटतं?"

"छे हो. आम्ही तिघंच."

"मग एवढं टेबल?"

बाईंनी टेबलावरून फडकं फिरवलं. "पुरत नाही," त्या म्हणाल्या.

घरी येऊन मी त्यांची नक्कल केली. "पुरत नाही हो, आम्हा तिघांना पुरत नाही!" नवरा पोट धरधरून हसला. बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं एकत्र हसलो होतो. भिंगरी सोफ्याच्या कडेला बसून आमच्याकडे बघत होती. तिला म्हटलं, अगं मधे बस, घसरशील. तर म्हणाली, "इथे बरंय."

५

मग एक दिवस मागच्या खोलीत पडदे लावताना सहज टाळी वाजवली आणि ती घुमली.

मी थबकले. खोलीत आता पलंग होता, कपाट होतं, गाद्या, खेळणी, आणि आता पडदेसुद्धा. सामान भरलेली खोली रिकाम्या खोलीपेक्षा जास्त घुमत होती. हे शक्य नाही. पाण्यात टाकलेला कपडा आधीपेक्षा कोरडा निघावा तसली गोष्ट. मी हॉलमध्ये गेले. भिंगरी तिथे सोफ्याच्या टोकाशी चित्र काढत बसली होती. टाळी वाजवली. मेली.

हवेत दमटपणा असेल, असं मी स्वतःला सांगितलं. दमट हवेने थोडा फरक पडतो. एवढा पडत नाही हेही मला माहीत होतं, म्हणून माझा मलाच राग यायला लागला. मी दिवसाकाठी केव्हाही टाळ्या वाजवायला लागले. स्वयंपाकघरात घुमायची, हॉलमध्ये मरायची. दुसऱ्या दिवशी हॉल घुमायचा, स्वयंपाकघर कोरडं. मी डोकं लढवत होते. खिडक्या उघड्या ठेवून बघितलं, गालिचा गुंडाळून बघितलं. जे काही आवाज पीत होतं ते घरात एका जागी नव्हतं, आणि ते कुठे असतं हे कळायला मला फार हुशारीची गरज नव्हती. भिंगरी ज्या खोलीत असेल ती खोली कोरडी. तरीही मी ते मनातल्या मनातसुद्धा धड वाक्य करून म्हटलं नाही.

आणि भिंगरी आता फिरत नव्हती. जेवताना टेबलाला चकरा नाहीत. खुर्चीच्या टोकाला कोपरं अंगाशी घट्ट धरून बसायची आणि घास घ्यायची. पलंगावर झोपायची तीही भिंतीला पाठ चिकटवून, आडवं पट्टीसारखं अंग करून. बाकी सगळा पलंग मोकळा.

"आत्याकडे जायचं?" नवऱ्याने तिला विचारलं.

"सगळे?" तिने विचारलं.

"हो, सगळे जाऊ."

"गाडीत मावणार नाही," ती म्हणाली आणि परत चित्राकडे वळली.

नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्यावर खेकसले, "काय बघतोस? पोरं काहीही बोलतात!"

६

एका संध्याकाळी तिला आंघोळ घालून मशीनं डबीत ठेवली होती. मी दारापाशी टॉवेल घडी करत होते. ती पाठमोरी बसली होती आणि मान डोलावत होती. कुणीतरी बोलत असताना आपण हं हं करतो तशी. मग म्हणाली, "नाही, आईला नाही आवडणार." मी तिला हाक मारली. तिला ऐकू आली नाही. मशीनं नाहीत, कशी येणार! मी जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला तेव्हा दचकून वळली.

"कुणाशी बोलत होतीस?"

ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. "बटणं नसली की बरं ऐकू येतं," म्हणाली. मशीनांना ती बटणं म्हणते.

मी तशीच समोरच्या बाईंकडे गेले. दार उघडलं तर मोठ्या टेबलाच्या पार टोकाला त्यांची मुलगी बसलेली. ताट हातातच धरलेलं, टेबलावर ठेवत नव्हती. टेबल सगळं रिकामं होतं.

"तिला मधे बसायला सांगा," मी म्हटलं.

"कशाला उगाच?"

"मी सांगते म्हणून! बसवून दाखवा तिला मधे!"

बाईंनी दार लोटून घेतलं आणि पायरीवर आल्या. त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, ते मी आधी कधी बघितलंच नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तोंड उघडता आलं नाही? लहान मूल घेऊन येताना दिसत होतो ना आम्ही?"

"काय सांगणार होते? उघड्या दारातून पार मागच्या खोलीपर्यंत दिसत होतात तुम्ही. टाळ्या वाजवून नाचत होतात. आणि खरं सांगू? वाटलं, तुमच्याकडे एक मूल आहे. थोडे तिकडे जातील."

माझा हात उठलाच होता. कसा आवरला मला माहीत नाही. "आणि तुम्ही इथे का बसलाय मग? सोडून का जात नाही?"

"गेलो होतो. शहराच्या दुसऱ्या टोकाला."

"मग?"

"तिथलं टेबल लहान पडायला लागलं," बाई म्हणाल्या.

वेड लागलंय या बाईला, असं मी मोठ्याने म्हटलं आणि निघाले. मनाशी एकच धरून ठेवलं होतं. जे आहे ते या घरात आहे. घर सोडलं की सुटलं. भिंती इथेच राहणार, त्यांना पाय नाहीत. रस्ताभर हेच घोकत मी घरी आले आणि नवऱ्याला म्हटलं, "उद्या सुट्टी घे."

७

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघांनी मागची खोली रिकामी केली. मला खात्री करून घ्यायची होती. पलंग खोलून बाहेर काढला, कपाट ओढलं, पडदे काढले, खेळणी, चपला, भिंतीवरचं चित्र, सगळं. लख्ख उजेडात उघडी फरशी उरली. भिंगरीच्या ठोकळ्यांचा डबा तेवढा खिडकीत राहिला होता. भिंगरी हॉलमध्ये होती. मी टाळी वाजवली. खणखणीत घुमली.

"ठीक आहे ना?" नवरा म्हणाला. तो घामाने भिजला होता, पण हसत होता.

तेवढ्यात भिंगरी दारात आली. मशीनं काढलेली. तिला डबा हवा होता.

ती आत आली आणि दोन पावलांवर थांबली. समोर काही नव्हतं. तिने मान वर करून बघितलं, मग खांदा पुढे काढला आणि तिरकी होऊन एक पाऊल टाकलं. परत थांबली. "जरा जाऊ द्या ना," म्हणाली. वाकली, कशाखालून तरी डोकं काढावं तशी निघाली. मोकळ्या फरशीवर ती डावीकडे वळत होती, उजवीकडे वळत होती, मधेच मागे रेटली जात होती. तिचा घेरदार फ्रॉक दोन्ही बाजूंनी अंगाशी चपटा झाला होता. एका बाजूचे केस गालाला दाबले गेले होते. गच्च भरलेल्या लिफ्टमध्ये मूल दिसतं तशी ती दिसत होती.

खिडकीपाशी पोचली, डबा घेतला, आणि परत फिरताना तो डोक्यावर उंच धरला. गर्दीत आपण पिशवी धरतो तसा, धक्का लागून सांडू नये म्हणून.

नवरा भिंतीला टेकून खाली बसला. मी हात वर केले आणि टाळी वाजवली. वाजवली हे मला तळव्यांना कळलं, कानांना जेमतेम कळलं.

भिंगरी घामेजून माझ्यापाशी आली. मी तिला उचललं. दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं, आणि त्या रिकाम्या खोलीकडे तोंड करून मला येत होत्या नव्हत्या तेवढ्या शिव्या हासडल्या. नवऱ्याने मला खांद्याला धरून बाहेर काढलं.

८

सामान तिथेच टाकून आम्ही खाली निघालो. नणंदेला फोनवर एवढंच सांगितलं की येतोय. ती रस्त्यावरच उभी होती. मला वाटलं होतं, आता ऐकवेल, मी सांगत होते ना म्हणेल. तिने फक्त माझ्या हातातली पिशवी घेतली. "आधी चहा घ्या. सामानाचं बघू नंतर." मला रडू फुटलं आणि रडू फुटल्याचाही राग आला.

दोन दारं सोडून असलेलं ते घर अजून रिकामंच होतं. किल्ली नणंदेकडे होती. भिंगरीला तिच्याकडे ठेवून आम्ही दोघं गेलो. नवरा बाहेर मीटर बघत राहिला, मी एकटी आत शिरले. तोच हॉल, त्याच उघड्या भिंती. हात उचलायला मला भीती वाटत होती. शेवटी डोळे मिटले आणि वाजवली.

ठण्ण!

चारी भिंतींवर आपटून परत आली. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. मी वेड्यासारखी हसायला लागले. या खोलीतून त्या खोलीत पळत टाळ्या वाजवत सुटले. ठण्ण, ठण्ण, सगळं घर घुमत होतं. मागून मालगाडी निघाली, काचा थडथडल्या, पाईप कुरकुरला. मी म्हटलं, वाज बाई, वाज, हवी तेवढी वाज. गालिचे आणू, पडदे आणू, भिंतींना फोम मारू. इथे माझी पोरगी परत भिंगरीसारखी फिरेल. "आण रे तिला!" मी ओरडले.

नणंदच तिला घेऊन आली. "वहिनी, हिला काय झालंय हो? एवढा मोठा ओटा, पण बसली अगदी कडेला. पडता पडता राहिली."

"सवय आहे. मोडेल हळूहळू."

भिंगरी आत आली. आल्यावर तिने मागे वळून दार धरलं. आपण पाठीमागून येणाऱ्यांसाठी धरतो तसं, पाठीने दाबून, पाय बाजूला घेऊन. नणंद कधीच आत आली होती. नवराही आत आला होता. रस्त्यावर कुणी नव्हतं. तरी भिंगरी दार धरून उभी राहिली, बराच वेळ राहिली. मग तिने दार सोडलं, भिंतीच्या कडेकडेने कोपऱ्यात गेली आणि गुडघे पोटाशी घेऊन बसली.

"सोड," नवरा हळूच म्हणाला. "नको वाजवू."

मी वाजवली.

हातातच मेली.

भिंगरीने माझ्याकडे बघितलं. तिच्या कानांत मशीनं नव्हती. "आई, हळू ना," ती म्हणाली. "आत्ताच बसलेत सगळे."

मी तिच्यापाशी गेले, म्हणजे जायला निघाले, आणि माझा खांदा आपोआप पुढे निघाला. तेव्हा मी ओरडले. उठा म्हटलं. माझ्या पोरीच्या अंगाजवळून उठा, चालते व्हा, सगळेच्या सगळे चालते व्हा! घसा फाटेस्तोवर ओरडले, आणि माझा आवाज तोंडापुढच्या वीतभर जागेत संपत होता. नणंद कानाला हात लावून पुढे वाकली होती, मी काय म्हणतेय ते तिला कळत नव्हतं. खिडकीबाहेर दुसरी मालगाडी निघाली. डबे जाताना दिसत होते, काचा थरथरताना दिसत होत्या. खोलीत मात्र मला हवी होती तेवढी शांतता होती.

मी टाळी वाजवली. पुन्हा वाजवली. हात लाल झाले तरी वाजवत राहिले.